देशावरची लोकर, मावळातला पाऊस

२१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटातली रेल्वे सुरू झाली. काम सात वर्षे चालले होते. पावणेसोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, २५ बोगदे, ओढ्या-दऱ्यांवरचे पूल आणि १८६१ च्या ऐन हंगामात ४२ हजार मजूर. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांचे नाव इतिहासात राहिले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुरा करून दाखवला, म्हणून तिचेही नाव अभ्यासक घेतात. घाटातून रोज गाडी नेणाऱ्या ड्रायव्हरला यांतले एकही नाव ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो शिंग्रोबा.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडून घाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. गाडीचा वेग जरा कमी होतो, खिडकीतून एखादे नाणे पडते, हात कपाळाला लागतो. लोक सांगतात ते असे: डोंगर फोडायला निघालेल्या साहेबांना वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना घाटाची वाट दाखवली. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा सरकारी दप्तरातली नाही, लोकांनी जपलेली आहे. तिचा गाभा मात्र अगदी पटणारा आहे. कुठे पाणी, कुठे सावली, कुठल्या उतारावर चार पायांचे जनावर न घसरता चालेल, हे मेंढरे हाकणाऱ्याइतके त्या डोंगरात दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

तरीही एक प्रश्न उरतो. मावळ हा मेंढ्यांचा मुलूख नव्हे. मग मेंढ्यांमागे फिरणारा धनगर या घाटात कसा?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला जावे तसा तो झपाट्याने उतरतो आणि त्याच पुणे जिल्ह्यातल्या बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत आषाढ-श्रावणात चिखलाशिवाय काही दिसत नाही. अशा ओलीत मेंढीचे खूर कुजतात, पोटात जंत होतात, कोकरे गारठून मरतात. म्हणूनच मावळच्या माथ्यावर, राजमाची-लोहगडाच्या अंगाखांद्यावर जे धनगर पिढ्यान्‌पिढ्या राहिले ते गवळी धनगर. त्यांची दौलत म्हशी आणि गाई. मेंढ्या राखणारा धनगर देशावरचा. फलटण, बारामती, इंदापूर, माण, सांगोला, पारनेर अशा कोरड्या माळांचा.

हा देशावरचा धनगर दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडा हलवतो. वाडा म्हणजे चालते घर: घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि लहान पोरे, मागे बाया, आणि पुढे मेंढरांचा कळप. रात्री कळपाभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावायची आणि कुत्री सोडायची. मावळात भात कापून झालेले असते. रिकाम्या खाचरांत शेतकरी मेंढ्या बसवून घेतो, कारण रात्रभर बसलेल्या कळपाचे लेंडीखत आणि मूत पुढच्या पिकाला पुरते. मोबदल्यात धनगराला धान्य मिळते, पैसे मिळतात. असे गावोगाव थांबत, घाट उतरून काही वाडे कोकणात जातात आणि मृगाच्या आत पुन्हा देशावर परततात. जर्मन अभ्यासक ग्युंटर सोंथायमर यांनी पुण्यात राहून आयुष्याची कितीतरी वर्षे या वाटांवर घालवली. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये निघाला. देवांची ठाणी आणि मेंढरांच्या वाटा एकमेकींना धरून असतात, हे त्या अभ्यासातून नीट दिसते.

या फिरतीत एक मोठा योग दडलेला होता. लोकर निपजायची कोरड्या देशावर आणि तिची खरी गरज होती ओल्या मावळात. त्या दोन टोकांना जोडणारी वस्तू म्हणजे घोंगडी.

भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असे. गुरांमागे दिवसभर उभ्या असलेल्या गुराख्याला, गड चढणाऱ्याला, बाजाराला निघालेल्याला इरले कामाचे नव्हते. त्याला लागे घोंगडीची खोळ. घोंगडीचे एक टोक दुमडून डोक्यावर टोपीसारखे घ्यायचे, बाकीची पाठीवरून गुडघ्यापर्यंत सोडायची. पाऊस वरून निथळून जातो, वारा आत शिरत नाही. रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण. देवाच्या जागरणात तीच बैठक.

ती पाऊस कसा अडवते, हे समजून घ्यायला दख्खनी मेंढीकडे नीट पाहावे लागते. बहुतेक काळी, कधी अंगावर पांढरे ठिपके, बाकदार नाक, लोंबते कान, बारीक मान, लांबची चाल सोसणारे पाय. महाराष्ट्रात या जातीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी म्हणजेच सांगोला, आणि कोल्हापुरी असे प्रकार सांगतात. जतकडची माडग्याळ मेंढी दिसायला वेगळी. पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, उंच, मांसाला उत्तम, लोकरीला जवळजवळ नाहीच. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात आणि दोन्ही मिळून ती अर्धा-पाऊण किलोच्या आसपास भरते. इतक्या थोड्या लोकरीवर गिरणीचे अर्थशास्त्र उभे राहत नाही, हातमागाचे राहते. धागा जाड, केसाळ, बराचसा आतून पोकळ. मेरिनोची लोकर साधारण १८ ते २४ मायक्रॉन जाडीची असते, दख्खनीची त्याच्या दुपटीहून जाड. अंगाला ती टोचते. पण वाकवली तरी तुटत नाही, घासली तरी झिजत नाही, आणि तिच्यात मेंढीच्या अंगचा तेलकटपणा असतो. लोकरीच्या तंतूला आणखीही एक गुण आहे: स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत ओल तो आत घेतो, तरी हाताला ओला लागत नाही, आणि ओल शोषताना थोडी ऊबही सोडतो. मावळातल्या गुराख्याने हे शास्त्र वाचलेले नव्हते. भिजलेल्या सुती धोतरात आणि भिजलेल्या घोंगडीत थंडी किती वेगळी वाजते, हे त्याला अंगाने कळत होते.

पहिल्यांदा कातरलेली कोकराची लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ, आणि जावळाची घोंगडी सर्वांत मानाची. कातरलेली लोकर निवडायची, काटे-कुसळे काढायची, मग पिंजायची. सूत काढायचे काम बहुधा बायकांचे. चरख्यावर, नाहीतर चालता चालता टकळीवर. वाडा चालत असतो, डोक्यावर ओझे असते आणि बोटे सूत ओढत असतात. पुढचे काम विणकराचे. पुणे-साताऱ्याकडे खुटेकर धनगर, सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडे सणगर. जमिनीत खड्डा घेऊन बसवलेला माग, लाकडी फणी, हातातला धोटा.

माग चालू होण्याआधी ताण्याला खळ द्यावी लागते आणि घोंगडीचे खरे कसब इथे आहे. चिंचोके भाजून फोडायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे. तयार झालेली चिकट खळ उन्हात ताणलेल्या सुतावर मोठ्या कुंच्याने पुन्हा पुन्हा ओढायची, म्हणजे केसाळ सुताची पिसे बसतात आणि ताणा मागावर तुटत नाही. नव्या घोंगडीचा तो पत्र्यासारखा कडकपणा याच खळीचा. पाऊस तिच्यावर थेंबाथेंबाने घसरतो. दोन-तीन पावसाळ्यांनी खळ उतरते, पण तोवर वापराने, घामाने, घासण्याने लोकर आपापसांत गुंतून वीण दाट झालेली असते. आठ-दहा मेंढ्यांची एका हंगामाची लोकर एका घोंगडीत जाते आणि ती घोंगडी बापाकडून मुलाकडे येते.

लोकर आपापसांत गुंतते, कारण तिच्या तंतूवर माशाच्या अंगासारखे खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि रगड मिळाली की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट होते. न विणता, नुसत्या याच गुणावर केलेले जाड आसन म्हणजे जेन. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात ती अजून पाहायला मिळते. पिंजलेल्या लोकरीचे थर पसरायचे, पाणी शिंपडायचे, गुंडाळी करायची आणि तासन्‌तास पायांनी तुडवायची. मेरिनोसारखी बारीक लोकर झटकन घट्ट होते. दख्खनीला दुप्पट रगड लागते, पण बनलेली जेन जमिनीची ओल वर येऊ देत नाही. घोड्याच्या खोगिराखालचा नमदाही याच जातीचा. मराठ्यांच्या घोडदौडीत लोकर होती ती पाठीवरच्या घोंगडीत आणि घोड्याच्या पाठीवरच्या नमद्यात.

विणलेल्या कापडाला हीच प्रक्रिया देऊन इंग्लंडमध्ये एक वेगळे कापड करत. रुंद विणायचे, मग रगडून आटवायचे, वरची लव कातरून सारखी करायची. आपल्याकडे ते बनात म्हणून ओळखले गेले. इंग्लंडची लोकर खपवणे हे ईस्ट इंडिया कंपनीवर मायदेशाने टाकलेले ओझेच होते. या उष्ण देशात बनातीला गिऱ्हाईक कमी; सरदारांच्या अंबाऱ्या, पडदे, झुली यांत ती जाई. आणि कंपनीच्या लष्कराच्या लाल डगल्यांत.

त्या लाल डगल्यांनी मावळ पाहिला तो १७७८ च्या नोव्हेंबरात. रघुनाथरावाला पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबईहून सुमारे चार हजारांची फौज निघाली. सामानाला १९ हजार बैल. बोरघाट चढून खंडाळ्याला जमेपर्यंत डिसेंबर संपत आला आणि पुढची चाल दिवसाला जेमतेम मैल-दोन मैल. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके. तोफा भिवराव पानशांच्या. मराठे समोरासमोर भिडले नाहीत. गवत जाळले, धान्य हलवले, विहिरी निकामी केल्या. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनीच ज्याला कौतुकाने इष्टूर फाकडा म्हटले, तो हाच. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव पेटलेले. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले, वडगावात कोंडले गेले आणि तिथेच त्यांनी तह लिहून दिला.

या लढाईत होळकर होते, ही गोष्ट लोकरीच्या इतिहासात लहान नाही. त्या घराण्याचे मूळ पुरुष मल्हारराव नीरेकाठच्या होळ गावच्या धनगराचे पोर. तळेगाव-वडगावचा मुलूख मेंढपाळाला ऋतूच्या हिशेबाने माहीत होता: कुठल्या महिन्यात कुठल्या खोऱ्यात चारा आहे, कुठल्या ओढ्याला पाणी आहे. चारा जाळून शत्रू थकवायचा डाव रचणाऱ्यांना ही माहिती किती मोलाची होती, ते उघड आहे. बैलांच्या ओझ्याखाली रखडणाऱ्या फौजेला हरवायला चाऱ्याचे ज्ञान तलवारीइतकेच उपयोगी पडले, असे म्हणायला जागा आहे.

पुढच्या शतकात सत्ता पालटली आणि रस्ते आले. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. ज्या वाटेने मेंढरे उतरत त्या वाटेने बैलगाड्या धावू लागल्या, आणि १८६३ नंतर आगगाडी. याच काळात इंग्रजांची नजर दख्खनी मेंढीवर गेली. यॉर्कशरच्या गिरण्यांना लोकर हवी होती. १८४६ मध्ये हिंदुस्थानातून ब्रिटनला सुमारे ४५ लाख ७० हजार पौंड लोकर गेली. १८६० मध्ये हा आकडा दोन कोटी पौंडांवर पोचला. त्यातली बरीचशी सिंध, राजपुताना आणि त्याही पलीकडची. दख्खनची काळी लोकर त्यांना भरड वाटली. काळ्यावर रंग चढत नाही, ही दुसरी तक्रार. मग १८३० च्या दशकापासूनच तिच्यात मेरिनोचे रक्त मिसळायचे प्रयोग सुरू झाले.

ते फसले. संकराच्या मेंढ्यांना दख्खनचे ऊन, दुष्काळ आणि शेकडो मैलांची पायपीट झेपेना. स्वातंत्र्यानंतरही तोच विचार नव्या नावाने आला. राहुरीच्या कृषी विद्यापीठात मेरिनो आणि रँबुले नरांशी दख्खनीचा संकर करून पाहिला गेला. लोकर बारीक झाली, पण धनगराच्या कळपात ती जात मुरली नाही. शंभराहून अधिक वर्षे दख्खनी मेंढीला परक्या मापाने मोजले गेले, तिच्या लोकरीत काय आहे यापेक्षा काय नाही हेच पाहिले गेले. ही मोठी चूक होती, आणि तिचे मोल धनगराने आणि सणगराने भरले.

बारीक लोकरीचा हट्ट जिथे रास्त होता ती कला म्हणजे सुयांवरचे विणकाम. ती आपल्याकडे आली मिशनच्या शाळांतून आणि छावण्यांतल्या मडमांकडून. घोंगडीच्या मागावर ताणा आणि बाणा असे दोन धागे लागतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासांत अडकत जातो. सुलट टाका, उलट टाका, आणि त्या फासांत अडकलेल्या हवेची ऊब. कापड ताणले जाते, अंगाला बसते. म्हणून त्याला मऊ, लवचीक धागा हवा. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत बाळंतविड्यात लोकरीचे टोपडे आणि पायमोजे आले. ती लोकर मेरिनोची, पुढे पुढे ॲक्रिलिकची. ‘लोकर’ म्हणून विकली गेली तरी मेंढीशी नाते नसलेली. सुयांवरचा स्वेटर खंडाळ्याच्या डिसेंबरात छान. आषाढातल्या आडव्या पावसात मात्र त्याच्या फासांतून वारा आणि पाणी आरपार जाते. तिथे घोंगडीच लागते. दोन्ही कलांची कामे वेगळी आणि दोन्हींच्या मेंढ्याही वेगळ्या.

घोंगडीला मागे हटवले ते स्वेटरने नव्हे. प्रथम गिरणीच्या ब्लँकेटाने: ठाण्यातली रेमंड गिरणी १९२५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथे जाडीभरडी ब्लँकेटेच निघत. मग जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पानिपतात विणलेल्या स्वस्त चादरी आल्या. शेवटचा घाव प्लास्टिकचा. युरियाच्या रिकाम्या गोणीची खोळ फुकट मिळते, वजनाला काहीच नसते आणि झटकली की कोरडी. मावळात भिजलेली घोंगडी चुलीच्या उबेला दिवसेंदिवस वाळत घालावी लागे. शेतकऱ्याने प्लास्टिक पसंत केले यात त्याला दोष देता येत नाही.

इकडे चालण्याची जागाही आकसली. पाणलोट आणि धरणे तर आधीपासूनच होती: टाटांची लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही धरणे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली, पवनेचे धरण सत्तरच्या दशकातले. पुढे तळेगावची औद्योगिक वसाहत, २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, खाचरांच्या जागी बंगले. कळप उतरवायचा तर वाटेत बसायला शेत हवे, आणि शेतच तुकड्या-तुकड्यांनी विकले गेले.

धनगराने कळप सोडला नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. बदलले ते उत्पन्नाचे साधन. पैसा आता कोकरांच्या विक्रीतून येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने याच गरजेवर बोट ठेवले. सुंदरबनातल्या गारोळे या चिमुकल्या मेंढीत एक जनुक असते, ज्यामुळे तिला जुळी होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतून तेच जनुक तिथल्या बुरूला मेरिनोत उतरले, असे संशोधक मानतात. फलटणच्या शास्त्रज्ञांनी ते दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडवली. दख्खनीचा काटकपणा राखून तिला जुळी देणारी करणे, हा या मातीतून सुचलेला विचार होता आणि म्हणून तो कळपांत पोचला. लोकरीपुरता मात्र प्रश्न भिजत घोंगड्यासारखाच राहिला. पावसाआधी मेंढी कातरावीच लागते, नाहीतर ती ओल्या लोकरीत आजारी पडते. कातरणाऱ्याला द्यायची मजुरी बहुतेकदा लोकरीच्या दरापेक्षा जास्त होते, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून धनगर पुढे जातो.

मावळाच्या उंबरठ्यावरच्या देहूतून तुकोबांची पालखी निघते आणि बारामती तालुक्यातल्या काटेवाडीत पोचते, तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती रिंगणात पळवतात. हजारो लोक ते पाहतात. त्या मेंढ्यांच्या अंगावरच्या लोकरीचे पुढे काय होते, हा प्रश्न आता काही जणांनी हाती घेतला आहे. दख्खनी लोकरीपासून गालिचे, जेन, पिशव्या, घर गार-गरम राखणारे अस्तर करणारे छोटे गट दख्खनभर काम करू लागले आहेत. सुरेश एरियत यांच्या ‘देसी ऊन’ या लघुपटातली पात्रे आणि डोंगर दख्खनी लोकरीनेच घडवलेले आहेत, आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आन्सी महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. या सगळ्यांनी दख्खनी लोकर जशी आहे तशी घेतली: भरड, काळी, केसाळ. मागणी आहे ती सुताची. हाताने सूत काढणाऱ्या बहुतेक बाया आता साठीच्या पुढे आहेत, आणि मागाचा खड्डा बुजवला गेला की तो पुन्हा खणणारे घर सहसा सापडत नाही. म्हणून लोकरीचा भाव ठरवताना मजुरीचा सर्वांत मोठा वाटा टकळी आणि चरखा चालवणाऱ्या हाताला मिळाला पाहिजे, ही या कामात पडलेल्यांची पहिली मागणी असायला हवी.